चढावर घसरणारा क्लच

माझी सायकल नेमकी कशात मोडते हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. पारनेरच्या चौकात एका पोलिसाने तिला एकदा अडवलं होतं. त्याने भोवती फेरी मारली, पायडल बघितले, मग इंजिन बघितलं, मग माझ्या कपाळावरचं गंध बघितलं आणि "जावा गुरुजी" म्हणाला. सायकल म्हणावी तर पेट्रोल पिते, गाडी म्हणावी तर नंबर नाही. मीही असाच अधलामधला माणूस असल्यामुळे आमचं जमलं.

मी भिक्षुकी करतो. सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं, लग्न, दहावा, जे येईल ते. आसपासची दहा-बारा गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या माझ्याकडे आहेत. वडिलांनंतर हे माझ्याकडे आलं. भावाला नोकरी मिळाली, मला पोथ्या मिळाल्या. लग्न झालं नाही. तीन-चार ठिकाणी मुली बघितल्या, पण मुलगा गावात राहून भटकी करतो एवढं कळलं की समोरच्या मंडळींना एकदम कुठलं तरी काम आठवायचं. आई होती तोवर घरात बोलायला माणूस होतं. ती जाऊन पाच वर्षं झाली. आता दोन खोल्या, एक पडवी आणि मी.

लोकांना वाटतं, गुरुजींना काय कमी, रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी पंगत. त्या पंगतीचं सांगतो. पूजा झाली की गुरुजींना आधी वाढतात. एकट्याला. पाट, रांगोळी, उदबत्ती सगळं यथासांग असतं. घरातली माणसं हात बांधून भोवती उभी राहतात आणि मी पुरी कशी तोडतो ते बघतात. "अजून घ्या गुरुजी" एवढंच बोलणं. मी हात धुऊन बाहेर येतो, पिशवी हँडलला अडकवतो, आणि मग आत खरी पंगत बसते. सायकलवर टांग टाकताना मला आतली हसाहस ऐकू येते. पंचवीस वर्षं मी ती अंगणातूनच ऐकतो आहे.

माझ्याशी पूजेशिवाय बोलणारा माणूस एकच. फाट्यावरचा मिस्त्री. आम्ही दोघं एका वर्गात होतो. पाटीवर थुंकून ती एकमेकांच्या सदऱ्याला पुसायचो, त्याने मला ओढ्याच्या वाळूत लोळवून मारलंही आहे. पुढे तो फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, कडबाकुट्ट्या दुरुस्त करायला लागला. माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तोच म्हणाला, "गुरुजी, स्कूटर शिकायचं तुमचं वय गेलं. सायकललाच इंजिन बसवू." मोबाईलवरून त्याने सगळं सामान मागवलं. खोकं आलं तेव्हा आम्ही दोघं ते उघडायला पोरांसारखे बसलो होतो.

इंजिन बसवायला आठ दिवस लागले. सायकलच्या त्रिकोणात ते पक्कं बसेना, डुगडुगायचं. मिस्त्रीने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून नळीला गुंडाळल्या, मग त्यावर पकडी आवळल्या, तेव्हा ते घट्ट बसलं. मी पाने देत होतो. बारा नंबर मागितला की चौदा द्यायचो आणि तो हसायचा. त्या आठ दिवसांत मी जेवढं बोललो तेवढं त्याआधीच्या वर्षभरात बोललो नसेन. गाडी झाल्यावरही काही ना काही निमित्त काढून मी दुपारी फाट्यावर जायचो. प्लग साफ करायचाय, हवा कमी वाटतेय, आवाज बघ जरा. आवाजात काही नसायचं. तो कान लावून ऐकायचा आणि "जरा हाय" म्हणायचा, म्हणजे मला अर्धा तास बसता यावं.

चालवायची रीत सोपी आहे. डाव्या हाताने क्लच दाबून धरायचा, पायडल मारून वेग घ्यायचा आणि क्लच सोडायचा. सोडला की इंजिन चाकाला पकडतं आणि आपण पाय मोकळे ठेवायचे. पहिल्या दिवशी धोतराचा सोगा चेनमध्ये गेला. तेव्हापासून मी पॅंट घालून जातो आणि धोतर यजमानाच्या घरी नेसतो.

आता खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं, अवजारं, यंत्रं पुजतात. सकाळपासून मला ट्रॅक्टरवाले, पिकअपवाले, गिरणीवाले बोलावतात. मी सगळ्यांना दरवर्षी एकच सांगतो: आधी धुवा, मग पुसा, मग तेल द्या, मग हळदकुंकू. माझी स्वतःची गाडी मात्र दरवर्षी राहून जायची. कुणी तरी घाईने तिच्या हँडलवर झेंडूची माळ टाकायचं आणि तेवढ्यावर तिचं भागायचं. या वेळी मी ठरवलं की नाही, हिची पूजा यथासांग करायची. पहाटे उठलो. बादलीभर पाणी, साबण, चिंध्या. इंजिनाच्या पकडीखाली ट्यूबच्या काळ्याकुट्ट, तेलकट पट्ट्या लोंबत होत्या. देवापुढे ही घाण कशाला म्हणून पकडी सैल करून त्या उपसून काढल्या, पकडी परत आवळल्या आणि पट्ट्या उकिरड्यावर टाकल्या. मग चेनला तेल दिलं, ब्रेकला दिलं, आणि बाजूचं गोल झाकण तीन स्क्रू काढून उघडलं. आतला भाग कोरडा ठणठणीत. मला वाईट वाटलं. इतके दिवस बिचारीला कुणी आतून तेल दिलं नाही. समईच्या तेलाची बरणी जवळच होती. घातलं.

त्या दिवशी गावातल्याच पूजा होत्या, पायीच फिरलो. दुसऱ्या दिवशी दसरा. वाडेगव्हाणच्या बाजूला जाताना पहिल्याच चढावर इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि सायकल जागच्या जागी. इंजिन फिरतंय, चाक मनावर घेत नाही. क्लच पकडत नव्हता. शिवाय अशी खडखड, की वाटेतली कुत्री पळून जायच्याऐवजी बघत उभी राहिली. मी उतरून ढकलत वर गेलो. यजमानाकडे घामाघूम पोचलो, मुहूर्त टळला, आणि यजमानाच्या म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं, "गुरुजी, गाडी ढकलीत आनली व्हय?"

माझा राग माझ्या आधी पोचतो, हे मला माहीत आहे. परत येताना मी तसाच फाट्यावर गेलो. दुकानात पाच-सहा जण होते, कुणी पंप घेऊन, कुणी नुसतेच. मी उतरतानाच सुरुवात केली. म्हणालो, "मिस्त्री, क्लचप्लेटा जुन्या टाकल्यास ना? भटाला काय कळतंय, असंच ना? गुरुजीलाच टोपी घातलीस." तो हातातला पाना खाली ठेवून आला, स्क्रू काढून झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि लगेच लावून टाकलं. मला वाटलं, चोर सापडला. त्याने बसलेल्या माणसांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "असंल गुरुजी. ठिवून जावा. दोन दिसात बगतो."

मी म्हणालो, "ठेवून जायला मला दुसरी आहे का? आणि तुझ्या हातात परत देऊ?" अजूनही काही बोललो. त्याच्या बापाने मोट चालवली, यंत्राची अक्कल कुठून येणार, असंही बोललो. ते लिहिताना आता लाज वाटते, पण बोललो ते बोललो. कुणी मला थांबवलं नाही. गुरुजींना कोण थांबवणार. मी पायडल मारत निघून गेलो.

त्यानंतर मी फाट्यावर थांबलो नाही. तोही आला नाही. इंजिन लादलेली सायकल पायाने मारणं म्हणजे पाठीवर पोतं घेऊन चालणं. सपाटीवर इंजिन खडखडत जेमतेम साथ द्यायचं, चढ आला की उतरून ढकलायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझी शेवटची पूजा दरवर्षी त्याच्या दुकानाची असते. तिथून पुढे कुठे जायचं नसतं, त्यामुळे फराळ करत बसता येतं. यंदा बोलावणं आलं नाही. बाकीच्या पूजा उरकून मी फाट्यावरून गेलो तेव्हा त्याच्या दुकानात दिवा होता आणि दाराला झेंडू लावलेला होता. माझ्या गाडीची खडखड आत गेलीच असणार. मी सरळ पुढे बघत गेलो आणि घरी येऊन पिशवीतली शिधासामग्री तशीच ठेवून झोपलो. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. आई गेली तेव्हा वाटलं होतं तसं नाही. तेव्हा निदान चूक कुणाची नव्हती.

तुळशीची लग्नं लागायला लागली. रोज तीन-तीन गावं. गुडघे परत बोलायला लागले. तेव्हा मी ठरवलं की आपणच दुरुस्त करायचं. पोथ्या वाचून इतरांचे ग्रह दुरुस्त करणाऱ्याला एक इंजिन जमू नये? मोबाईलवर बघायला लागलो. उत्तरेकडची पोरं हिंदीत भराभर बोलत ही इंजिनं खोलून दाखवतात. वहीत लिहून घेतलं आणि एक एक करत गेलो. इतका वेळ कुणाशी न बोलता मी आयुष्यात फक्त रुद्राची आवर्तनं करताना घालवला आहे.

पहिली शंका केबलची. क्लचची केबल फार ताणलेली असली तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चढावर घसरतो. लिव्हरला थोडी ढील हवी. मी नट फिरवून ढील दिली. चढावर नेली. तेच. मग चेन बघितली. सैल होती, घट्ट केली. तेच. मग प्लग काढून घासला. इंजिन आधीपेक्षा सुरेख फिरायला लागलं आणि सायकल आधीसारखीच जागेवर राहिली. प्रत्येक वेळी मी गावाबाहेरच्या चढापर्यंत जायचो आणि ढकलत परत यायचो. पिंपळाखाली बसणारे दोघं-तिघं म्हातारे रोज बघायचे. ते रामराम घालायचे, मी रामराम घालायचो. काय झालंय असं कुणी विचारलं नाही. गुरुजी काही तरी व्रत करत असतील असं त्यांना वाटलं असावं.

मग आवाजाच्या मागे लागलो. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. आतलं सगळं ऐकू येतं म्हणायचा. मी गाडी स्टँडवर लावली, चालू केली आणि तसंच केलं. वरच्या भागात नुसती सरळ टरटर. बाजूला तेच. मग टोक खालच्या पकडीवर टेकवलं आणि कानात घण पडल्यासारखा आवाज आला. खडखड इंजिनातली नव्हतीच. इंजिन सायकलच्या नळीवर आपटत होतं, लोखंड लोखंडावर. मध्ये काही तरी असायला हवं होतं.

मी गाडी बंद करून तिथेच बसलो. मध्ये काय होतं ते मला आठवलं. ते मी स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकलं होतं, देवाला घाण दिसू नये म्हणून.

दोन जुन्या ट्यूब आणल्या, पट्ट्या कापल्या, गुंडाळल्या, पकडी आवळल्या. खडखड गेली. पण क्लच राहिला होता, आणि आता हात त्या झाकणाकडे जायला तयार होईना. दोन दिवस मी ती गाडी नुसती पुसत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी संध्या आटोपल्यावर झाकण काढलं. मधला फुलासारखा नट सोडवून प्लेट बाहेर काढली. तिच्यात तपकिरी रंगाच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्यांनी एकमेकींना घासून धरायचं असतं, म्हणून त्या कोरड्या हव्यात. त्या हिंदी पोराने हे तीनदा सांगितलं होतं आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं. माझ्या चकत्या चकाकत होत्या. बोट फिरवलं तर चिकट, पिवळसर. वास घेतला, काहीच आला नाही. जिभेला लावून बघितलं तेव्हा कळलं. तिळाचं तेल. माझ्या कपड्यांना, हातांना, घराला जन्मापासून तोच वास आहे, माझ्या नाकाला तो येणार कुठून? मिस्त्रीच्या नाकाला मात्र आला असणार. त्याने झाकण उघडलं होतं, वाकला होता, आणि लगेच लावलं होतं.

चकत्या पेट्रोलने धुतल्या, पॉलिश पेपरने हलक्या घासल्या, दिवसभर उन्हात ठेवल्या. तेल फक्त बाजूच्या चाकांच्या दात्यांना लागतं, तिथे चिमूटभर ग्रीस लावलं. संध्याकाळी जोडून चढावर नेली. क्लच सोडला, इंजिनाने पकडलं, आणि गाडी न कुरकुरता वर गेली. वर पोचून थांबलो. खाली कांद्याचे हिरवे वाफे दिसत होते, लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या. जमलं हे सांगायला मी मोबाईल काढला, आणि ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता. मोबाईल परत खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. मनात होतं की चारचौघांत बोललो, तर माफीही चारचौघांत मागायची. वाटेत वाक्यं जुळवली होती. पण दुकानात कुणी नव्हतं. तो जमिनीवर पोतं टाकून एका पंपाचा पिस्टन घासत बसला होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. आधी त्याने गाडी ऐकली, मग मला बघितलं.

"झाली की गुरुजी," तो म्हणाला. "लई ग्वाड चालतीय."

मी म्हणालो, "मीच तेल घातलं होतं. समईतलं. खंडेनवमीला."

"व्हय."

"तुला त्याच दिवशी कळलं होतं."

"वास आल्ता." तो पिस्टनकडे बघत म्हणाला.

"मग बोलला का नाहीस? मी तुला काय काय बोललो. तुझ्या बापावरून बोललो. तू एक शब्द बोलला असतास, तेल कुणी घातलं एवढंच विचारलं असतंस, तर माझं तोंड बंद झालं असतं."

"चार मान्सं बसली हुती," तो म्हणाला. "त्यांच्या म्होरं तुमाला कसं म्हनायचं, की तुमीच वाट लावली. तुमी त्यांच्या घरी पूजेला जाताव. उद्या ती हसली असती."

"मग नंतर घरी यायचंस. दोन महिने झाले."

त्याने पिस्टन चिंधीने पुसला आणि म्हणाला, "तुमी रागावून गेल्ताव. गुरुजी रागावल्यावर आपन हून कसं यायचं? मला वाटलं, राग गेला की तुमीच बोलवाल. दिवाळीला दुसऱ्या कुनाला बोलवलं न्हाई. आमीच घरच्यांनी कुकू लावलं."

हा माणूस दोन महिने माझी अब्रू सांभाळत बसला होता, आणि मी तिकडे एकटा त्याला चोर ठरवत होतो. मला ते अब्रू सांभाळणं नको होतं. मला त्याने भांडायला हवं होतं. मी म्हणालो, "एक शिवी दे मला. शाळेत द्यायचास तशी. मग फिटलं."

तो हसला. "आता कसं जमंल ते," म्हणाला. "माजं लगीन तुमी लावलं. म्हाताऱ्याचा दहावा तुमी केला."

"वाळूत लोळवलं होतंस मला."

"ल्हान हुतो तवा. कळत नव्हतं."

आणि हे तो मनापासून म्हणाला. ती एक चूक होती आणि मोठा झाल्यावर आपण ती सुधारली, असा त्याचा चेहरा होता. मला एकदम समजलं की त्या आठ दिवसांतही, मी चौदाचा पाना देत होतो आणि तो हसत होता तेव्हाही, तो गुरुजींबरोबर बसला होता. माझ्याबरोबर बसल्याचं मलाच वाटत होतं.

मी अजून उभाच होतो म्हणून तो उठला, आतून लाकडी स्टूल आणलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मग आपल्या पोत्यावर बसला. मी स्टूल बाजूला सरकवलं आणि त्याच्या शेजारी पोत्यावर बसलो. तसा तो हात पुसत उभा राहिला.

"बस की," मी म्हणालो.

"असू द्या गुरुजी. तुमी बसा."

मी बसून राहिलो. तो उभाच राहिला. उभ्याउभ्याच त्याने पिस्टनला वायसर लावायचा प्रयत्न केला. वायसर खाली पडला, तो उचलायला वाकला आणि परत उभा राहिला. मी क्लचचं सांगायला लागलो, केबल, चेन, प्लग, कसं कसं शोधत गेलो ते. तो मान डोलवत ऐकत होता, पण त्याचं काम अडलं होतं आणि त्याच्याही पायांचं वय माझ्याएवढंच होतं.

शेवटी मी उठलो आणि स्टुलावर बसलो. मग तोही खाली बसला.